मंडईला जाणारी गाडी

जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूप राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. इथवर आनंदच आहे. पण अशी गाडी रस्त्यावर कशासाठी काढायची, तेही नियमात लिहिलं आहे. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल. ती यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात मंडई नाही. पावसात पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जाणं नाही. हे मला मनापासून खटकलं. उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर धरतात, टाकीत गाळ बसतो, रबरं तडकतात. म्हातारपणी हातातलं काम काढून घेतलं की माणूस जसा खचतो, तशी गाडीही खचते.

म्हणून माझी हेराल्ड मी व्हिंटेज केलेली नाही. दर पाच वर्षांनी साधी नोंदणीच वाढवून घेतो आणि तिला मंडईला नेतो.

ती मूळची आत्याची. आत्या मिरजेला डॉक्टर होती. स्टँडर्ड हेराल्ड, मार्क थ्री, चार दारांची. इंग्लंडात ही गाडी १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड म्हणून आली, आणि तिकडे तिला शेवटपर्यंत दोनच दारं राहिली. चार दारांची हेराल्ड फक्त मद्रासला झाली. मागच्या सीटवर आजी, काकू, दोन मुलं आणि डबे घेऊन बसणाऱ्या घरांसाठी ती केली असावी असं मला नेहमी वाटतं. रेषा इटलीच्या जोव्हानी मिकेलॉत्तीची, अगदी नितळ. पण रेषेपेक्षा मला तिची बांधणी जास्त आवडते. कोव्हेंट्रीच्या कंपनीला अखंड बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला होता. तेव्हा त्यांनी वेगळी चासी घेतली आणि वेगवेगळ्या ठिकाणी बनलेले बॉडीचे तुकडे तिच्यावर बोल्टने बसवले. अडचणीतून इतकी देखणी वस्तू निघालेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

हेराल्डचं बॉनेट उघडायचं तर दोन्ही बाजूंच्या कड्या सोडायच्या आणि मडगार्ड, दिवे, जाळी असं सगळं पुढे कलतं करायचं. मग इंजिन, स्टिअरिंग, स्प्रिंगा, सगळं उघड्यावर. मिस्त्री सरळ पुढच्या टायरवर बसायचे आणि तिथूनच हात घालायचे. आत्या दवाखान्यातून मधूनच बाहेर येऊन समोर उभी राहायची.

“बाई, ट्रनियनला तेल कधी घातलं होतं?”

“कालनिर्णयवर लिहिलंय. बघून सांगते.”

हे ट्रनियन म्हणजे पुढच्या चाकाच्या उभ्या दांड्याच्या तळाशी, अक्रोडाएवढं दिसणारं एक पितळी जोडकाम. आत आटे असतात. उजवीकडच्याला उजवे, डावीकडच्याला डावे. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. तिथे ग्रीस चालत नाही, नव्वद नंबरचं गिअर ऑईल लागतं. लहान बूच काढायचं, निपल बसवायचं आणि वरून तेल पाझरेपर्यंत गन मारत राहायची. आटे कोरडे पडले, गंजले, तर एखाद्या दिवशी दांडा तुटतो आणि चाक आडवं पडतं. आत्या म्हणायची, “ही कुरकुर करत नाही. विसरलात तर एकदम पाय मोडून बसते.” पेशंटच्या तारखांशेजारी तिने कॅलेंडरवर गाडीच्या तारखा लिहिलेल्या असायच्या, त्याच शाईने. ती दुर्मिळ गाडी मिरवत नव्हती. तिला रात्री-अपरात्री बाळंतिणीपर्यंत पोचायचं असायचं, आणि तेल त्यासाठी घालायचं असायचं.

सतारमेकर गल्लीतलं तिचं वळण मला आजही स्पष्ट दिसतं. एका बाजूला वाद्यांसाठी आणलेले भोपळे, दुसऱ्या बाजूला सायकली. दुसरी कुठलीही गाडी तिथे चार वेळा मागेपुढे झाली असती. हेराल्ड २५ फुटांत वळते. आत्या स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवायची, पुढची चाकं जवळजवळ आडवी व्हायची, आणि एका दमात गाडी आल्या वाटेला लागायची. दुकानातले कारागीर तारा लावता लावता मान वर करून बघायचे. आत्याचा चेहरा तेव्हा पेशंट बरा झाल्यावर व्हायचा तसा व्हायचा.

आंबा घाटात मात्र तिचे नियम वेगळे. मागची चाकं स्विंग अ‍ॅक्सलवर असल्याने वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला की ती आत दुमडू बघतात. वेग वळणाआधीच आणायचा, वळणात पाय स्थिर ठेवायचा. साखरप्याहून घाट चढताना उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन इंजिन गुदमरतं. त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांचं असंच. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि दरीकडे बघत उभं राहायचं. ते फडकं आणि पाण्याची बाटली अजून माझ्या डिकीत असते. ९४८ सीसीच्या इंजिनाकडून घाई मागू नये.

रॅलीत आरशासारख्या चकचकणाऱ्या, ट्रकवरून आणलेल्या गाड्या बघायला मी जातो, पण माझं मन तिथे रमत नाही. मला रमवतं कोल्हापूरचं उद्यमनगर. झिजलेला बुश रुमालात बांधून न्यायचा. लेथवाला तो बोटांनी फिरवून बघतो, कॅलिपर लावतो, “संध्याकाळी या” म्हणतो. संध्याकाळी हातात पडलेला नवा बुश अजून कोमट असतो.

मागे उद्यमनगरातच एकांची डुक्कर फियाट पाहिली, पन्नासच्या दशकातली. पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला. दार उघडलं की नऊवारीतल्या बाईंनाही अंग न वळवता, सरळ पाऊल टाकून उतरता यायचं. ही सोय पुढच्या गाड्यांतून का गेली? चालत्या गाडीत ते दार चुकून उघडलं तर वाऱ्याने सताड व्हायचं, म्हणून. कारण पटतं, तरी हळहळ वाटतेच.

आता कुणीतरी सांगितलं आहे की बेळगावला एका गोठ्यात सिपानी डॉल्फिन उभी आहे. बंगळूरला १९८२ पासून बनलेली, इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून घेतलेली, फायबरच्या अंगाची, ८४८ सीसीचं अ‍ॅल्युमिनियम इंजिन असलेली. फायबर गंजत नाही, त्यामुळे बॉडी शाबूत असणार, प्रश्न चासीचा. खाली वाकून बघायला टॉर्च आणि खरवडायला पत्री काढून ठेवली आहे. मालकांना दोनदा फोन केला, ते म्हणतात, “या की, पण विकायची नाही हं.” न विकोत. पाऊस उघडला की हेराल्ड घेऊनच जाणार आहे.