पागोळ्यांवाचून पाऊस

गेल्या उन्हाळ्यात आम्हांला रात्रीची झोप येईनाशी झाली. कारणे सांगण्याजोगी भव्य नव्हती. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, महाविद्यालयाच्या मूल्यमापनासाठी सजवावयाच्या फायली, रात्री अकरानंतरही वाजणारा भ्रमणध्वनी आणि खिडकीखालचा रस्ता, एवढीच सामग्री. डॉक्टरांनी गोळ्या लिहून देण्यापूर्वी एक साधा उपाय सुचविला : रोज अर्धा तास डोळे मिटून पावसाचा किंवा ओढ्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकत पडावे. आम्ही पडलो साहित्याचे मास्तर. निसर्ग आजवर बहुतांशी पुस्तकांतूनच घेत आलो. तो आता यंत्रातून घेण्यास आमची काही हरकत नव्हती.

उपाय लागू पडला, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. चार-पाच दिवसांत आवळलेले खांदे सैल झाले, आठवड्याभरात झोप परतली. यात नवलही नाही. या विषयावरील आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्यात पाण्याच्या आवाजाने मन प्रसन्न होण्यास आणि पाखरांच्या आवाजाने ताण व वैताग उतरण्यास विशेष मदत होते, असे आढळले आहे. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८९ च्या आपल्या ग्रंथात त्याची उपपत्तीही मांडली होती. निसर्ग आपले लक्ष वेधतो पण ते ताणून धरीत नाही, म्हणून दिवसभर राबलेल्या अवधानाला तेथे विसावा मिळतो. थोडक्यात, हा पाऊस आपल्याकडे काही मागत नाही.

एप्रिलमधील एका दुपारी हेडफोन सापडेना, म्हणून आम्ही पाऊस स्पीकरवर लावला आणि आडवे झालो. पाचेक मिनिटांत दाराची कडी वाजली आणि जिन्यावर चपलांची घाई ऐकू आली. आमची आई, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे झिजलेले, गच्चीकडे निघाली होती. गच्चीवर तिच्या कुरडया वाळत होत्या. आम्ही मागे धावलो तोवर ती वर पोहोचलीही होती. एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने वाळवणाखालच्या जुन्या लुगड्याचे टोक ओढीत होती आणि डोक्यावर रणरणते ऊन होते.

"अरे, पाऊस कुठं गेला?" तिने विचारले.

आम्ही खरे ते सांगितले. ती रागावली नाही. कठड्याला टेकून बराच वेळ दम खात राहिली. तो दम ऐकताना आमची आठवड्याभराची कमाई उतरली.

संध्याकाळी तिने तो पाऊस पुन्हा लावायला सांगितला आणि समीक्षकाच्या गांभीर्याने ऐकला. "याला पागोळ्या नाहीत," ती म्हणाली. "पडतोय, पण कशावर पडतोय?" कोकणातल्या आमच्या घरी तिला पाऊस कशावर पडतो आहे ते अंथरुणातून समजत असे : कौलांवर, केळीच्या पानांवर, की गोठ्याच्या पत्र्यावर. आगोटीपूर्वी कौले परतून घेतली तरी गळती राहायचीच. तिच्याखाली पातेली मांडलेली असत. थेंबाचा आवाज पालटला की पातेले भरत आले हे अंधारातही कळे आणि ती उठे. पऱ्ह्याचा आवाज जाड झाला की गुरांची काळजी. पावशासुद्धा तिथे नुसता गात नसे. त्याचा बोल शेतकऱ्याच्या कानाला 'पेरते व्हा' असाच ऐकू येतो, म्हणजे सरळ कामाचा हुकूम. तिच्या लेखी निसर्गाचा आवाज ही बातमी होती, आणि बातमी ऐकून कोणी आडवे होत नाही.

अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे. पाऊस ना माझा ना परक्याचा, अमुक गावचा ना अमुक सालचा असा झाला की चित्ताला विश्रांती लाभते. हा शब्दही त्याचाच. यंत्रातला पाऊस या अर्थाने पुरता साधारणीकृत आहे. किंबहुना तो तसा करावाच लागतो. अमेरिकेत आयर्व्हिंग टायबेल याने १९६९ साली समुद्राची गाज ध्वनिमुद्रिकेवर आणली, तेव्हा टिपलेली गाज जशीच्या तशी न देता संगणकाकडून तिच्यावर संस्कार करून घेतले होते. हे विघ्न आम्ही वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. उदाहरण देताना प्रेक्षागृहातला शोकाकुल बाप आठवे. कुरडया कधी सुचल्या नाहीत.

तरीही आईला अरसिक ठरवून हा विषय मिटत नाही. ती बोलत असताना आम्हांला आठवले की त्याच घरात, त्याच गळतीच्या टपटपीत आम्ही लहानपणी गाढ झोपत असू. आवाज एकच, घर एकच, पातेलीही तीच. तो पाऊस कोणत्याही यंत्रातला नव्हता आणि साधारणीकृत तर मुळीच नव्हता. फक्त पातेली बदलायला कोणीतरी जागे होते. आमच्या सहृदयतेचा हा जमाखर्च काव्यशास्त्राच्या कोणत्या प्रकरणात मांडावा, हे आम्हांला अजून उमगलेले नाही. घर आता बंद असते. वडील गेल्यानंतर कौलांवर पत्रे चढविले, तेव्हापासून गळतीही थांबली आहे.

मे महिन्यात आईचे गुडघे फार दुखत होते आणि तिलाही झोप लागेना. एका रात्री तिने खोलीतून हाक मारली.

"तो तुझा पाऊस लाव जरा. पण हळू लाव. नाहीतर मला उठावं लागेल."