जाळीआडचं शेजार

आसरा पुलावरून जुळे सोलापुरात उतरलं की रस्ते रुंद होतात, घरं सुटी होतात आणि प्रत्येक घराला स्वतःचं कंपाऊंड दिसू लागतं. गावात, पेठेतल्या आमच्या जुन्या घराला कंपाऊंड नव्हतंच. दारापुढं ओटा, ओट्याला बिडाचा नक्षीदार कठडा आणि पलीकडं थेट बोळ. अम्मी त्या कठड्याला हात टेकून साऱ्या मोहल्ल्याची खबर ठेवायच्या.

जुळे सोलापुरात आधी आम्ही भाड्यानं राहिलो. त्या घराला सात फुटी पत्र्याचं बंद गेट होतं. परदा छान, कुत्रं-मांजर आत येत नाही, म्हणून आम्हीही खूश होतो. एका दुपारी आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत आणि अम्मी अंगणात पाय घसरून पडल्या. हाका मारत राहिल्या. रस्त्यानं माणसं जात होती, पण गेटाआड काय चाललंय हे कुणाला दिसलंच नाही. अर्ध्या तासानं दूधवाल्यानं कडी वाजवली तेव्हा कळलं. हाड मोडलं नाही, अल्लाहची मेहेरबानी.

आता विजापूर रोडच्या बाजूला आमचं स्वतःचं घर उभं राहिलंय आणि फक्त कंपाऊंड बाकी आहे. अम्मी म्हणाल्या, "बाहेरचं मला दिसलं पाहिजे, पण घर उघडं पडायला नको." एवढ्या एका वाक्यासाठी आम्ही चार दिवस असरच्या नमाजनंतर गल्ल्या हिंडलो.

या भागातली जुनी घरं लगेच ओळखू येतात. त्यांची गेटं चौकोनी सळई आणि पट्टीची, वर भाल्याची टोकं, मधे कमळ नाहीतर उगवता सूर्य. नंतरच्या घरांना चकचकीत स्टीलचे पाईप आले. अगदी नवीन घरांना सीएनसीवर कापलेली पत्र्याची जाळी आहे. पानं, वेली, चौकोन, हवी ती नक्षी संगणकावर निवडायची. मोकळ्या प्लॉटांना तारेची जाळी, तर एखाद्या हौशी घराला मेंदीचं हिरवं कुंपण.

नक्षी निवडून मागवण्याची ही पद्धत मात्र नवी नाही. एकोणिसाव्या शतकात ग्लासगोच्या वॉल्टर मॅक्फार्लेन यांच्या सारासेन फाउंड्रीचे जाडजूड कॅटलॉग निघत. त्यातून कठडे, खांब, कमानी निवडायच्या आणि बिडाचा माल जहाजानं यायचा. म्हैसूरच्या राजवाड्यातले लोखंडी खांब याच कारखान्याचे.

आपल्याकडे हातानं घडवलेलं कामही होत होतं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८६५ च्या सुमारास नक्षीदार घडीव लोखंडाचा खास वर्ग सुरू झाला. १८८८ साली पूर्ण झालेल्या व्हीटी स्टेशनातल्या तिकीट खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्यांचे कठडे याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला उतरणारे आपण सोलापूरकर घाईघाईनं त्यांच्या बाजूनं निघून जातो.

हा झाला रेल्वेचा रस्ता. आमच्या घराजवळचा दुसरा रस्ता सुमारे १०० किलोमीटरवर विजापूरला जातो. तिथं दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहचा इब्राहिम रोजा आहे. त्याच्या खिडक्यांत दगड कोरून अक्षरांची जाळी केली आहे. मोकळ्या जागेतून उजेड आणि वारा आत येतो, नजर मात्र अडते. अम्मींना हवं होतं ते नेमकं हेच.

शेवटी फॅब्रिकेशनच्या दुकानात चाचांपुढं बसलो. जुन्या कठड्याचे दोन तुकडे आम्ही जपून ठेवले होते, ते त्यांना दाखवले. त्यांनी नखानं रंग खरवडला आणि म्हणाले, "हे ओतीव बीड आहे. गंज कमी धरतं, पण हातोडा बसला तर तडकेल. साधं वेल्डिंग यावर टिकत नाही. चौकट करून नटबोल्टनं बसवू."

बाकीचं त्यांनीच समजावलं. लोखंड बहुतेक खालून सडतं, जिथं सळई सिमेंटात जाते आणि पाणी साचतं. म्हणून तिथं उतार द्यावा. पाईपाचं तोंड उघडं ठेवू नये, पाणी शिरलं की तो आतून गंजतो. रंगाआधी गंज पूर्ण घासून प्रायमर मारावा. स्टील घेताना नुसतं चुंबक लावून फसू नये. २०२ आणि ३०४ या दोन्ही ग्रेडना चुंबक बहुधा चिकटत नाही, पण गंजाला तोंड देण्यात ३०४ सरस. म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्यावी. बंद पत्र्याच्या गेटावर वाऱ्याचा सगळा जोर येतो आणि बिजागऱ्या ढिल्या होतात. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात अंगणात येणारा वाराही तो अडवतो. आणि मुलं चेंडूसाठी चढतातच, म्हणून भाल्याऐवजी वर गोल टोकं.

मग असं ठरलं: तीन फूट भिंत, तिच्यावर पुढच्या बाजूनं दोन फूट उघडी ग्रिल. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराच्या बाजूला दाट सीएनसी जाळी आणि आतून मेंदी. गेट पट्ट्यांचं, पण पट्ट्या जवळजवळ. त्याच्या दोन्ही बाजूंना पेठेतल्या कठड्याचे ते दोन तुकडे. पूर्ण पत्र्यापेक्षा खर्च थोडा जास्त आला, पण भावांनी जे भंगारात घालायचं म्हटलं होतं ते दारात लागलं.

शेजाऱ्याच्या हक्काविषयी आपण लहानपणापासून ऐकतो. पण शेजारी दिसलाच नाही तर त्याचा हक्क आठवणार कधी? अंगणाची हद्द असावीच, घराचा परदाही असावा. मात्र पडलेल्या माणसाची हाक बाहेर जाईल एवढी फट कुंपणाला हवी.

परवा संध्याकाळी शेजारच्या काकू ग्रिलपाशी थांबल्या. कुंडीत कडीपत्ता लावलाय का, म्हणून विचारत होत्या. अम्मी खुर्चीवरून उठल्या, कठड्याच्या तुकड्याला हात टेकला आणि बोलत उभ्या राहिल्या. मगरिबची अजान होईपर्यंत त्या आत आल्या नाहीत.