१५० मैलांचा अँटेना

"जंगलात जाऊन टीव्ही कशाला बघायचा?" आमच्याकडे ट्रॅव्हल ट्रेलर आहे हे कळल्यावर, आणि मी त्याच्या अँटेनाबद्दल बोलायला लागल्यावर, हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. मालिका बघायला मीही एवढं धूड ओढत जाणार नाही. पण आम्ही राहतो टेक्सासात, डॅलसजवळ. इथे कॅम्पिंगचे चांगले दिवस म्हणजे एप्रिल-मे, आणि टॉर्नेडोचेही नेमके तेच दिवस! वादळात ट्रेलर म्हणजे पत्र्याचा डबा. वेळेत बाहेर पडून पक्क्या इमारतीत जायचं, एवढाच काय तो उपाय. त्यासाठी वादळ कुठे आहे आणि कुठे चाललंय हे कळायला हवं. तळ्याकाठी मोबाईलला रेंज असेलच असं नाही. वेदर रेडिओ तर हवाच (तो आधी घ्या, अँटेना नंतर). पण रेडिओ गावांची नावं वाचतो, आणि परक्या मुलुखात ती नावं ऐकून आपल्याला काय कळणार? लोकल चॅनेलवाला नकाशा दाखवतो.

तर मंडळी, अँटेना.

आमच्या ट्रेलरवर मुळात एक गोल, उपड्या ताटासारखा अँटेना होता. तो चारी दिशांचं ऐकतो, फिरवावा लागत नाही. शहराजवळ एकदम मस्त. पण सगळ्यांचं सारखंच ऐकणारा कान लांबचं कुजबुजणं कसं ऐकणार? आमची नेहमीची जागा म्हणजे लेक व्हिटनी. डॅलसच्या चॅनेल्सचे टॉवर सीडर हिलला, तिथून ईशान्येला साधारण ५० मैलांवर. वेकोचे टॉवर दक्षिणेला. त्या गोल ताटाला दोन्हीकडचं अर्धंमुर्धं ऐकू यायचं आणि चित्र थिजायचं.

मग खरेदीसाठी शोधाशोध सुरू केली. खोक्यांवर काय काय लिहिलेलं असतं! "१५० मैल", "२०० मैल". इथे थोडं गणित करू. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि पृथ्वी गोल आहे. लहरींचं थोडं वाकणं धरूनही क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये साधारण ४.१ गुणिले उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ. ४०० मीटरचा टॉवर घेतला तर ८२ किलोमीटर. आपला अँटेना ४ मीटरवर, म्हणजे आणखी ८. एकूण ९० किलोमीटर, ५६ मैल. त्यापलीकडचं कधीमधी नशिबाने दिसतं, पण नशिबावर वादळाचा नकाशा बघता येत नाही. म्हणजे मैलांचा आकडा वाचायचाच नाही.

दुसरी गंमत "डिजिटल अँटेना". अँटेनात डिजिटल असं काही नसतं हो! धातूचे दांडे ते धातूचे दांडे. अमेरिकेत मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ ला बंद झालं, पण जुने दांडे तसेच चालतात. खरा प्रश्न दांड्यांच्या लांबीचा. २०२० पासून इथे टीव्हीला ३६ पर्यंतचेच चॅनेल उरले आहेत. १४ ते ३६ यूएचएफ, लहर साधारण अर्धा-पाऊण मीटर. ७ ते १३ व्हीएचएफ, लहर दीड मीटरच्या आसपास. तिला ऐंशीएक सेंटिमीटरचा दांडा लागतो. वहीएवढा चपटा अँटेना तिथे गार पडतो. आणि पडद्यावरच्या नंबरावर जाऊ नका. डॅलसचं ५ नंबर प्रत्यक्षात २४ वर आहे, ८ नंबर मात्र खरोखरच ८ वर. ते ८ हवं असेल तर रुंद अँटेनाला पर्याय नाही.

तिसरी गोष्ट बूस्टर. बूस्टर सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो. केबलमध्ये होणारं नुकसान तो भरून काढतो, पण अँटेनाने पकडलंच नाही ते कुठून आणणार? प्रोग्रामर लोकांना सांगायला नको: कचरा आत, कचरा बाहेर :)

शेवटी मी विनगार्डचा सेन्सर घेतला. वटवाघळाच्या पंखांसारखा दिसतो, आतून हँडलने वर चढवायचा आणि छतातली चकती धरून फिरवायचा. जुनीच चीज आहे. व्हीएचएफला तो चांगला, आणि यूएचएफसाठी पुढे विंगमन नावाचा जोड लागतो, तोही लावला. तोटे आहेतच. छताला भोक पाडावं लागलं, सीलंट ओतावं लागलं, आणि दर पावसाळी हंगामाआधी शिडी लावून ते तपासावं लागतं. ट्रेलरचा खरा शत्रू गळती, हे विसरून चालत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा पुण्याहून आले होते. त्यांना चकती फिरवायला दिली तर स्वारी खूश! पुण्यात गच्चीवर सिंहगडाकडे तोंड करून अँटेना लावलेले दिवस. एक जण वर, एक जण जिन्यात, एक टीव्हीपुढे, आणि "आलं का? ... मुंग्या आहेत अजून!" मी म्हटलं, "बाबा, आता मुंग्या येत नाहीत. येतं ते पूर्ण, नाहीतर काळोख." त्यावर ते म्हणाले, "अरे, मग जवळ आलोय हे कळायचं कसं?" अगदी बरोबर प्रश्न! डिजिटलमध्ये ती मधली अवस्था गेली. म्हणून थोडं फिरवायचं, थांबायचं, सिग्नलची पट्टी बघायची, पुन्हा थोडं.

त्याच मुक्कामात रात्री नवाच्या सुमारास वेदर रेडिओ किंचाळला. फोनला रेंज नव्हती. बाबांनी अँटेना ईशान्येला आधीच लावून ठेवला होता. पडद्यावर नकाशा आला, त्यावर इशाऱ्याचा लाल चौकोन, आणि आमचं तळं त्याच्या कडेला. आम्ही पोरांना उचललं आणि पार्कच्या पक्क्या बांधलेल्या स्वच्छतागृहात जाऊन बसलो. पाऊण तास. वादळ उत्तरेकडून निघून गेलं, आमच्यावर नुसत्या गारा पडल्या. तीन-चार मिनिटं आधी निघालो असू, जास्त नाही. पण दोन पोरं आणि सत्तरी ओलांडलेला माणूस बरोबर असताना तीन-चार मिनिटं पुष्कळ असतात.

तेव्हा अँटेना निवडताना आधी जागा बघा. एफसीसीच्या नकाशात पत्ता टाकला की स्टेशन कुठल्या दिशेला आणि खऱ्या कुठल्या चॅनेलवर ते कळतं. शहराजवळच मुक्काम असतील तर गोल ताट पुरे. लांब जाणार असाल तर फिरणारा, उंच होणारा, रुंद घ्या. पोचल्यावर बूस्टरचा दिवा लागलाय ना ते बघा, चॅनेल नव्याने स्कॅन करा, आणि आपण कुठल्या काउंटीत आहोत ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. आमचा कागद: हिल काउंटी.

आणि हो, निघताना अँटेना खाली करा. मी हँडलला लाल फीत बांधून ठेवली आहे. अँटेना वर असेल तेव्हा ती फीत गाडीच्या किल्लीला असते. काढल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही.