अठरानंतरची माणसं

एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली. बोईसरला आम्ही काही निवृत्त मंडळी रविवारी जमायला लागलो ते एका सहकाऱ्याच्या मुलामुळे. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. विशेष शाळेत जायचा, रमायचा. अठरा पूर्ण झाली आणि शाळा संपली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंतच आहे. पुढची दहा-बारा वर्षं टीव्ही, गॅलरी आणि आई. तिशी ओलांडली तरी पाहुण्यांसमोर आई त्याच्या वतीने बोलणार आणि तो तिच्या तोंडाकडे बघणार.

गटात हळूहळू माणसं वाढली. चिंचणीकडून एक अंध तरुण यायचा. प्रेस मशीनमध्ये बोटं गमावलेला एक कामगार आला. हा तर चांगला फिटर, पण अपघातानंतर खिशातून हात बाहेर काढेना. किनाऱ्यावरच्या एका गावातून पोलिओ झालेली एक ताई तीनचाकी स्कूटरवरून यायची. शिवाय कॉलेजची चार पोरं, शेजारपाजारच्या बायका आणि आम्ही म्हातारे. एक गोष्ट आम्ही पहिल्यापासून ठरवली होती, की हा ‘त्यांच्यासाठी’ कार्यक्रम नको. दर 3 डिसेंबरला, दिव्यांग दिनी, शाल, नारळ, कुबड्यांचं वाटप आणि फोटो होतात, त्यात आणखी एकाची भर कशाला? काम काढायचं आणि सगळ्यांनी मिळून करायचं.

दिवाळीत पणत्या विकायच्या ठरल्या. पणत्या कुंभाराकडच्या, रंगवणं आणि डझनाची पाकिटं बांधणं आमचं. सहकाऱ्याच्या मुलाला बारापर्यंत मोजता येत नाही, मध्येच सात-आठला गाडी घसरते. त्यावर तोड काढली बोटं गेलेल्या फिटरने. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घेतला आणि बरोबर बारा खळगे राहतील असा कापला. प्रत्येक खळग्यात एक पणती. सगळे भरले की डझन झाला. तो ट्रे कापताना त्या माणसाने दोन्ही हात सगळ्यांदेखत वापरले. आम्ही कोणी त्यावर काही बोललो नाही, बोलायचं नसतंच. दुसऱ्या दिवशी घरून करवत आणि पट्टी घेऊन आला, टेबलाचा डगमगता पाय बसवायला.

गल्ल्यावर अंध तरुण. 2016 नंतरच्या नोटांच्या आकारात फरक थोडा, हाताने ओळखायला कठीण. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे ॲप फोनच्या कॅमेऱ्याने नोट ओळखून सांगतं, ते तो वापरतो. पण खरी मदत झाली ती क्यूआर कोडच्या बोलक्या डब्याची. गिऱ्हाइकाने पैसे पाठवले की डबा मोठ्याने रक्कम सांगतो. हा डबा अंधांसाठी कोणी बनवलेला नाही, दुकानदारांच्या सोयीचा आहे. इथे आयता कामी आला. एका साहेबांनी ‘पाठवले’ म्हणून पाकीट उचललं, तर आमचा कॅशियर शांतपणे म्हणाला, “डबा अजून बोलला नाही, काका.” साहेबांचं नेट अडकलं होतं.

सगळ्यांत अवघड काम होतं आयांना लांब बसवणं. मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईने द्यायचं, ही इतक्या वर्षांची सवय. मग नियमच केला, की विक्रीच्या वेळी घरच्यांनी टेबलाजवळ थांबायचं नाही. सहकाऱ्याची बायको समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसली, पदर चाळवत. एका बाईंनी सवयीने आजूबाजूला बघून विचारलं, “याच्याबरोबर कोण आहे?” त्याने पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, “बारा आहेत. मोजून घ्या.” बाईंनी खरंच मोजल्या. बारा भरल्या. पुढच्या रविवारी तो आईच्या आधी चप्पल घालून दारात उभा होता, असं तीच सांगत होती.

आता पोलिओवाल्या ताईंबद्दल. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, हे त्यांना गटातच कळलं. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यांनी हात वर केला. सभा वरच्या मजल्यावर होती, म्हणून आधी जिने चढून जाणं आलं. “गेल्या वर्षी तो निधी कशावर खर्च झाला?” एवढाच प्रश्न. उत्तर मिळालं, “बघून सांगतो.” ताईंनी ते इतिवृत्तात लिहायला लावलं. सभेत बायका मागे बसतात आणि बोलत नाहीत. ताई त्या दिवशी पुढच्या खुर्चीवर होत्या. त्यांच्याकडे दिव्यांगांचं पिवळं यूडीआयडी कार्ड आहे, म्हणजे 40 ते 80 टक्क्यांमधलं दिव्यांगत्व. ते आजवर त्या फक्त एसटीच्या सवलतीसाठी बाहेर काढत.

कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाईने शिक्षण, वसतिगृह, रोजगार असा सगळा पसारा मांडला. आमचा गट त्यापुढे काहीच नाही. आमच्याकडे ना जागा ना निधी. नोकऱ्याही आम्ही देऊ शकलो नाही. सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे, पण खासगी कारखान्यांना सक्ती नाही. 2016 च्या त्याच कायद्याचं कलम 35 सवलती देऊन 5 टक्के दिव्यांग कामगार ठेवायला उत्तेजन द्या, एवढंच म्हणतं. दाराशी एवढी मोठी औद्योगिक वसाहत असून आमच्या फिटरला अजून काम मिळालेलं नाही, ही गोष्ट मला लागते. आत्मविश्वास आला म्हणून पगार येत नाही.

पालघर, बोईसर, तारापूर भागात ज्यांचे कारखाने आहेत त्यांना एक विनंती: पॅकिंग, मोजणी, स्टोअर यांतलं एखादं काम या माणसांना जमेल असं बेतून बघा. आणि ज्यांच्या घरात असं कोणी आहे त्यांनी पुढच्या ग्रामसभेला त्याला सोबत न्या. प्रश्न मात्र त्यालाच विचारू द्या.