सांध्याचे नियम

आम्हीं उभी हयात नगर जिल्ह्यांत मुलांना संस्कृत शिकविण्यांत घालविली. शब्द एकटा असतो तोंवर निवांत असतो. दुसरा शेजारीं आला कीं संधीचे नियम लागू होतात, आणि त्यांना बगल दिली तर अर्थाचा अनर्थ होतो. दूरध्वनीच्या तारेचेंहि तसेंच आहे.

२०२० सालीं आमच्या पुतण्यानें तारेला जोडावयास एक स्वस्त मोडेम आणला. त्यावर तपासणीची कसलीच खूण नव्हती. "काका, चालतो ना? मग दाखला हवा कशाला?" असें तो म्हणाला. आम्हीं उत्तर दिलें, "अरे, यंत्र आपलें, पण सांधा चारचौघांचा."

घरांतील विद्युद्दाब २३० व्होल्ट. दूरध्वनीच्या तारेवरील सुमारें ४८. ह्या दोहोंमधील आडपडदा यंत्राच्या पोटांत असतो. तो कच्चा निघाला तर घरची वीज तारेवर उतरते, आणि त्याच घटकेला दूर खांबावर कोणाचा तरी मुलगा उघडी तार हातीं धरून बसलेला असतो.

दुसरी गोष्ट संदेशाच्या जोराची. एका केबलींत अनेक जोडतारा शेजारीं शेजारीं जातात; एकीनें सूर चढविला कीं दुसरीचें बोलणें बिघडतें. म्हणून ३० संभाषणें एकदम नेणाऱ्या, सेकंदाला २०,४८,००० अंकांच्या जोडतारेवर प्रत्येक ठोका ३ व्होल्टचा ठरविला आहे. फरक शेंकडा १० हून अधिक चालत नाहीं.

आपल्याकडे १८८५ च्या तार कायद्याखालील नियमांत २०१७ सालीं दुरुस्ती होऊन अशा यंत्रांची तपासणी सक्तीची झाली. दिल्लीच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राकडे तें काम आलें, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून साधा दूरध्वनि, मोडेम, फॅक्स इत्यादिकांस नियम लागू झाला.

तरी दाखल्यानें सर्व भागत नाहीं. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. वैशाखांत वळिवाची वीज कडाडते, तेव्हां तारेवर चढलेला दाब संरक्षक साधन भूमींत सोडतें. पण कोरडा मुरूम तो सहज घेत नाहीं. अर्थिंगच्या खड्ड्यांत कोळसा, मीठ व ओलावा हवा.

पुतण्यानें तो मोडेम परत केला व दाखला पाहून दुसरा आणला. उन्हाळ्यांत त्या खड्ड्यांत पाणी घालण्याचें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें आहे. सुज्ञ वाचकांनींहि आपापल्या अंगणांत एकवार पाहावें.