स्वीडनची दैनंदिनी : खडक न सोडणारी गोगलगाय

मंगळवार, शेर्नो

नॉर्वेच्या सीमेजवळच्या या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक जेमतेम दीड वीत. कोकणातली भरती पाहिलेल्याला हा समुद्र आळशीच वाटावा. इथे एकाच खडकावर दोन जातींच्या गोगलगायी नांदतात. लिटोरिना लिटोरियाची मादी अंडी पाण्यात सोडते. त्यातून निघालेला डिंभक बारीक केसांच्या पडद्यांनी पोहत, सूक्ष्म शैवाल खात काही आठवडे वाहत राहतो आणि मग तळाला टेकून रांगू लागतो. लिटोरिना सॅक्सॅटिलिस मात्र पिल्ले अंगातल्या पिशवीतच वाढवते. बाहेर पडते ती सुमारे अर्ध्या मिलिमीटरची, शंखासकट तयार गोगलगाय. तेव्हा पोहणारी जात दूरवर पसरणार आणि रांगणारी जागीच अडकणार, असे कुणीही म्हणेल. मला हे अर्धेच पटते.

बुधवार, कोस्टर बेटे

पुरावा इथून दूरचा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर अटलांटिकमध्ये रॉकॉल नावाचा एकाकी खडक आहे. तिथे सॅक्सॅटिलिस सापडते, लिटोरिया नाही. शेर्नोच्या प्रयोगशाळेतल्या केर्स्टिन योहानेसन यांनी १९८८ मध्ये याच कोड्यावर लेख लिहिला. एखादी गाभण मादी शेवाळाबरोबर वाहत आली, तरी तिची पिल्ले तिथेच जन्मतात, तिथेच एकमेकांना भेटतात. लिटोरियाचे चार डिंभक पोचलेच, तरी त्यांची संतती प्रवाह पुन्हा घेऊन जातो. एकाच मादीपासून निघालेली वस्ती कमकुवत असणार, हा आक्षेप रास्त आहे. पण ही मादी अनेक नरांचे बीज साठवून ठेवते, त्यामुळे पिल्लांत पुरेशी विविधता येते.

गुरुवार, तिथेच

याहून जड आक्षेप याच बेटांजवळचा आहे. त्याच १९८८ साली विषारी शैवालाचा बहर आला आणि लहान, उघड्या खडकांवरची सॅक्सॅटिलिस नाहीशी झाली. लिटोरियाचे डिंभक बाहेरून येत राहिले, ती लवकर सावरली. इथे पोहणारीच सरस ठरली, हे मान्यच करायला हवे. पण पुढे काय झाले? १९९२ मध्ये संशोधकांनी अशाच एका रिकाम्या, लाटांनी झोडपलेल्या खडकावर खेकड्यांच्या टापूतल्या सॅक्सॅटिलिस नेऊन सोडल्या. त्या मोठ्या, जाड शंखाच्या. तीसेक वर्षांत त्यांचे वंशज लहान, पातळ शंखाचे, रुंद तोंडाचे झाले, म्हणजे लाटांत राहणाऱ्या सॅक्सॅटिलिससारखे. पिल्ले दर पिढीला समुद्रभर विखुरली असती, तर ही निवड त्या एका खडकावर साठलीच नसती.