न फिरवल्यामुळे

चार प्रश्नांना मिळून एकच उत्तर असलं की मला संशय येतो. घोडा का अडला? पानं का सडली? भाकरी का करपली? विद्या का विसरली? न फिरवल्यामुळे. कुणाकडे सुरुवात घोड्यापासून होते, कुणाकडे पानांपासून. आमच्या आजीकडे विद्या मात्र शेवटी यायची, म्हणजे आधीच्या तिघांना मान डोलवायची सवय लागून गेल्यावर. तिथं नाही म्हणायचं सुचतच नाही.

मला हल्ली सुचतंय.

भाकरीपासूनच बघू, कारण तिच्याबद्दल मला थोडं तरी कळतं. ज्वारीचं पीठ मळून, थापून भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला की ते पाणी सुकत आलं असताना ती उलटायची. उशीर केला तर करपते हे खरंच, पण घाई केली तर मोडते, आणि मोडलेली भाकरी फुगत नाही. कोड्यात घाईचा उल्लेख नाही. पानांचं आणखी वेगळं. मिरजेकडच्या पानमळ्यांतून पानं येतात. पानवाला ती ओल्या फडक्यात ठेवतो, रोज उलटीपालटी करतो, आणि करताना डागाळलेलं पान उचलून बाहेर टाकतो, नाहीतर ते शेजारच्यांना नासवतं. म्हणजे पानं फिरवणं हे निम्मं काम, उरलेलं निम्मं निवडून फेकायचं. हे वर्गाला लावून बघायची माझी हिंमत होत नाही. काही शाळा लावतात, तो भाग निराळा. आणि घोडा? त्याला रोज रपेट लागते म्हणतात, पण अडलेला घोडा दमलेलाही असू शकतो. आजी घोड्याच्या बाजूनं कधी बोलली नाही.

२०२०-२१ मध्ये, कोरोनामुळे शाळा बंद असताना, हे कोडं मी पलूसजवळच्या एका वस्तीवर पहिली ते चौथीच्या पोरांना घातलं होतं. त्यांचे गुरुजी आधी नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवत होते, मग सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली तसे ऑक्सिमीटर घेऊन घरोघर हिंडायला लागले. मी अर्थशास्त्रात एम. ए. करत होते, दुसरं वर्ष. कोल्हापूरचं विद्यापीठ मोबाइलमध्ये मावत होतं आणि त्या मोबाइलला रेंज होती ती देवळाच्या ओट्यावर. पोरंही तिथंच बसायची. तेव्हा गुरुजींनी मला पोरांना शिकवायला विचारलं नसतं तरी मी बहुधा तिथंच असते. सकाळी जोडाक्षरं, दुपारी वित्तीय तूट. पोरं मला बदली बाई म्हणायची आणि माझे सर मोबाइलवरून हजेरी घ्यायचे तेव्हा माझ्या नावाला ‘हजर’ असं सगळी मिळून ओरडायची.

घोडा का अडला? दमला असंल. पानं का सडली? पाऊस लागला. भाकरी का करपली? जाळ लई झाला. विद्या का विसरली, यावर एकानं विचारलं, काय विसरली?

तीन उत्तरं तरी अगदी चुकीची नव्हती. जाळाचं तर मला आजीच्या उत्तरापेक्षा बरं वाटलं. करपायला विस्तव लागतो, नुसता आळस पुरत नाही. आणि त्या वर्षी विस्तव कुणी लावला हे पोरांना विचारण्यात अर्थ नव्हता.

सरकारचं ब्रीद होतं ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. ज्या घरी टीव्ही होता तिथं पोरं जमायची आणि मग त्या घरची आजी मास्क नाही म्हणून त्यांना हाकलायची. कृष्णाकाठाला शाळा बंद पडणं तसं नवं नाही. २००५ ला पडल्या, २०१९ ला पडल्या. पुरात शाळेच्या खोल्यांत माणसं राहायला येतात, फळ्याखाली चूल मांडतात, पाणी ओसरलं की महिन्याभरात पाढे पुन्हा सुरू. म्हणून मार्चमध्ये इस्लामपुरात रुग्ण सापडले तेव्हा आमच्याकडे लोकांनी पुराच्याच हिशेबानं किराणा भरला. पाणी चढतं तसं उतरतं. हे उतरेना.

आमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीचा एक माणूस मला त्या दिवसांत फार आठवायचा, म्हणजे वाचलेला. भाऊराव पाटील. १९१० मध्ये वसलेल्या त्या गावातून किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते गावोगाव हिंडले, आणि १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. या मधल्या हिंडण्याचा आणि शाळा काढण्याचा संबंध जोडायचा मोह होतो. मी एम. ए.च्या एका टिपणात जोडलाही होता. सरांनी समासात लिहिलं, पुरावा? तेव्हा राग आला होता. आता तोच प्रश्न मी आजीला विचारतेय.

कारण मधेच आकडे आले. अझीम प्रेमजी विद्यापीठानं पाच राज्यांतल्या सोळा हजारांवर प्राथमिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. २०२१ च्या सुरुवातीला ती प्रसिद्ध झाली. शाळा बंद व्हायच्या आधी जे येत होतं, त्यातलं भाषेतलं निदान एक कौशल्य ९२ टक्के मुलं विसरली होती, गणितातलं ८२ टक्के. बघा, आजी म्हणाली असती. न फिरवल्यामुळे. मीही तसंच म्हटलं असतं, पण त्याआधीच, दिवाळीच्या सुमारास, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या होत्या.

आमच्याकडे कुंडलला क्रांती साखर कारखाना, पलीकडे वांगीला सोनहिरा, आणखी पुढं कृष्णा. गाळप सुरू झालं की बीड, अहिल्यानगर, धाराशिवकडची माणसं उसाच्या फडाला येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. शिवारात कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, पोरं बरोबर असतात, कारण मागं ठेवायचं कुणाकडे. हीच माणसं एप्रिल २०२० मध्ये कारखान्यांच्या आवारात अडकून पडली होती. सगळा देश आपापल्या घरात बसला होता आणि यांना घरी जायला १७ एप्रिलला सरकारचा आदेश निघावा लागला. तरी सहा महिन्यांत परत आली. न येऊन करतील काय, उचल थोडीच टाळेबंदीत जाते.

कोपीवरची काही पोरं ओट्याशी येऊन उभी राहायची. अंगावर धाकटं भावंड. त्यातली एक दहाएक वर्षांची पोर उसाच्या वाढ्याच्या पेंढ्यांचा हिशेब तोंडी करायची. शेकड्याला इतके तर पाऊणशेला किती, हे मला कागद लागेपर्यंत ती सांगून मोकळी. दुसरीचं पुस्तक पुढं केलं तर चित्र बघून गोष्ट रचायची. अक्षर लागत नव्हतं. पहिलीत तिकडं नाव होतं, मग इकडं एका हंगामात कुठल्यातरी शाळेत बसली, मग परत तिकडं, मग एक वर्ष कर्नाटकात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिला वयाप्रमाणे वर्ग मिळायला हवा होता. मिळालाही असेल, कागदावर. चौथीत असायला हवी होती ती. दर वर्षी ‘अ’पासून सुरुवात, आणि ‘ज्ञ’च्या अलीकडे कुठंतरी गाडी भरायची वेळ.

हिची विद्या कुणी फिरवली नव्हती असं कसं म्हणू? जन्मल्यापासून ती फिरतीच आहे. वस्तीवरची पोरं एका जागी बसून विसरली, ही चालून चालून. एकाच खडूनं दोन्ही पाट्यांवर सुरुवात करताना मला आजीचं उत्तर अर्धवट वाटायला लागलं, आणि दुसऱ्या अर्ध्याला काय म्हणायचं ते अजून ठरत नाही. एका जागी राहणं आणि उजळणी होणं या दोन वेगळ्या गोष्टी असतील. कदाचित दुसरीला पहिली लागत असेल. कदाचित आईला दिवसाला मजुरी किती मिळते हाच मूळ प्रश्न असेल. अर्थशास्त्रवाली असं म्हणणारच. पण मग बैठ्या पोरांचे ते ९२ टक्के कुठं बसवायचे?

माझी परीक्षा घरातून झाली, चार पर्यायांतला एक निवडायचा. पास झाले. आमच्या वर्षाला लोक ‘कोरोना बॅच’ म्हणतात. मी हसते, पण मौद्रिक धोरणावर कुणी सलग दहा मिनिटं बोलायला सांगितलं तर माझीही पंचाईत होईल. बाराखडी मात्र कधीही विचारा. शिकवलेलं राहिलं, शिकलेलं गेलं, असा एक सोपा निष्कर्ष इथं काढता येईल, पण त्या पोरीला मी शिकवलेलं राहिलं का, हे कळल्याशिवाय मला तो काढायचा नाही.

ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले, जानेवारीत पुन्हा बंद झाले, २४ तारखेला पुन्हा उघडले. गुरुजी परत आले. टोळ्याही आल्या होत्या, फडही तेच. ती पोर नव्हती. मुकादमाला विचारलं. म्हणाला, त्या कोयत्याला कर्नाटकातनं जास्त उचल मिळाली.